तांड्याच्या वाटेवरील मालमोटारी



चैत्र शुद्ध अष्टमीच्या सायंकाळीं वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीच्या रस्त्यावर आपण घटकाभर उभे राहिलां, तर महाराष्ट्रांत धांवणाऱ्या बहुतेक सर्व जातींच्या मालमोटारी आपल्या डोळ्यांपुढून निघून जातील. दुसरा दिवस रामनवमीचा. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचें दर्शन घेण्यास आणि जगदंबेला भोग लावण्यास बंजारा समाज येथें दूरदूरच्या प्रांतांतून येतो, आणि पुष्कळदां तो मालमोटारीच्या हौद्यांत बसूनच येतो. बायामाणसें, मुलें, गुळातांदळाचीं पोतीं आणि पांढरें निशाण, सारें एकाच हौद्यांत. या गाड्यांना लोक कोणत्या नांवानें हांक मारतात तें कान देऊन ऐका. आयशर, चारशें सात, पिकअप, छोटा हत्ती, आपे! आज मी आपणांशीं या नांवांविषयींच दोन शब्द बोलणार आहें.

मी याच परिसरांतील एका तांड्यावर वाढलों. माझ्या वडिलांची सारी हयात मालमोटारी हांकण्यांत गेली. आधीं किन्नर म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून. ते ज्या पहिल्या गाडीवर होते ती फार्गो. तिचें नाक लांब, आवाज घोगरा, आणि हिंवाळ्यांत पहांटे हँडल मारून मारून माणसाला घाम फुटे, पण गाडीला जाग येत नसे. कापसाच्या मोसमांत ती गाडी तांड्यापुढें उभी राहिली म्हणजे आम्हां मुलांना सण वाटे. फाळक्यावर चढावें, ताडपत्रीखालीं लपावें आणि वडिलांची हांक आली कीं पळून जावें, हा आमचा खेळ.

त्या काळीं रस्त्यावर डॉज नांवाचीही गाडी असे. फार्गो चढावाला बळकट कीं डॉज, यावर चहाच्या टपरीवर ड्रायव्हर मंडळींचे वाद रंगत, आणि माझे वडील त्यांत हिरिरीनें फार्गोची बाजू घेत. पुष्कळ वर्षांनीं मला कळलें कीं, हीं दोन्ही लेंकरें एकाच घरचीं. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनी एकच मालमोटार एका देशांत डॉज म्हणून, दुसऱ्या देशांत फार्गो म्हणून, तर आणखी कोठें डिसोटो म्हणून विकीत असे. निरनिराळ्या मोटारी विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला विकावयास एक मालमोटारही हवी, म्हणून ही युक्ति. शेट वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांतून या गाड्या आपल्याकडे आल्या. कपाळावरचें कुंकू तेवढें निराळें! वडिलांना मीं हें सांगितलें, तेव्हां ते हंसले, पण त्यांना तें पटलें नाहीं. ज्या गाडीनें आपलें घर चालविलें तिचें नांव केवळ दुकानदारीची सोय होती, हें कोणाला पटावें?

नंतर आला टेम्पो. जर्मनींतील हांबुर्ग शहरीं व्हिडाल नांवाची एक पेढी तीन चाकांच्या लहान मालगाड्या बनवीत असे. तिनें आपल्या गाडीला गतिवाचक असें टेम्पो हें नांव दिलें. त्या गाडीचा हॅन्सीट नांवाचा प्रकार आपल्याकडे श्री. नवलमल फिरोदिया यांनीं आणिला. १९५८ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीचा कारखाना प्रथम मुंबईच्या गोरेगांवीं होता. तो पुढें पुण्याजवळ आकुर्डीस गेला. पुढें आलेल्या तोंडामुळें आम्ही मुलें त्या तीन चाकी गाडीला डुक्कर म्हणत असूं. हॅन्सीट या नांवाचा अर्थ मला फार उशिरां कळला. उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरील व्यापारी नगरांचा हान्सा नांवाचा एक जुना संघ होता. मीठ, मासळी, धान्य व कापड या बंदराहून त्या बंदरीं नेणें हा त्याचा उद्योग. त्या संघाच्या नगरांतील रहिवासी तो हॅन्सीट. म्हणजे सातासमुद्रांपलीकडचा तोही एक लमाणच म्हणावयाचा!

असें म्हणण्याला कारण आहे. आपल्या देशांत आगगाडी येण्यापूर्वीं दूरच्या मालाची वाहतूक मुख्यतः बंजाऱ्यांच्या हातीं होती. बैलांच्या पाठीवर गोणी लादून ते धान्य आणि मीठ एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत नेत. या धंद्याला लदेणी म्हणत. लमाण हा शब्दच लवण, म्हणजे मीठ, यावरून आला असें पुष्कळांचें मत आहे. सतराव्या शतकांत येथें आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयीं लिहून ठेविलें आहे. असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, तर तो निघून जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबावें लागे. मग १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरापर्यंत पोंचली. मूर्तिजापूर, कारंजा, यवतमाळ या वाटेवर लहान रुळांची शकुंतला धांवूं लागली. लदेणी संपली. तांडे जेथें होते तेथेंच बसले, आणि बैल पाठीवरचे औताला लागले.

माझ्या आजोबांनीं लदेणी डोळ्यांनीं पाहिली नव्हती. ती त्यांच्या आजोबांनीं केली होती. तांड्यांतील पुढच्या बैलाच्या गळ्यांतील एक पितळी घंटा मात्र आमच्या घरीं आढ्याला टांगलेली होती. तिला कोणी हात लावीत नसे.

मी शाळेंत असतांना वडिलांनीं कर्ज काढून जुनी मॅटाडोर विकत घेतली. टेम्पोच्याच कारखान्यानें ही गाडी १९६९ सालीं काढिली होती. आमच्या तांड्यांतील कोणाच्या मालकीची ती पहिलीच गाडी. मीं मोठ्या ऐटींत गुरुजींना तिचें नांव सांगितलें. गुरुजी म्हणाले, "अरे, तो स्पेनमधील शब्द आहे. रिंगणांत बैलाला खेळवून तलवारीनें ठार मारणारा तो मॅटाडोर." मी घरीं आलों तो रडवेला होऊन. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या बैलावर जगल्या, त्यांच्या दारीं बैल मारणाऱ्याच्या नांवाची गाडी! वडील गोंधळले. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग ते गोरबोलींत जें बोलले त्याचा मराठी अर्थ असा : "नांव कोणाचेंही असो पोरा, जो ओझें वाहतो तो बैलच." इतकें बोलून ते उठले, त्यांनीं आढ्याची घंटा काढिली आणि गाडीच्या पुढल्या दांडीला आपल्या हातानें बांधिली. त्या वर्षीं रामनवमीला आम्ही पोहरादेवीस त्याच गाडीनें गेलों. खड्ड्याखड्ड्यागणिक घंटा वाजत होती आणि आजोबा हौद्यांत ताठ बसले होते.

या आठवणींत गोडवा आहे, पण तेवढेंच सांगून थांबलों तर तें खोटें होईल. त्याच काळीं आमच्या तांड्यांतील किती तरी कुटुंबें दिवाळीनंतर अशाच मालमोटारींत बसून ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांकडे जात. चूल, भांडीं, कोंबड्या आणि तान्हीं मुलें एकाच हौद्यांत. ज्यांनीं देशाचा माल वाहिला, त्यांनाच आतां कोणी मालासारखें वाहून नेत होतें. त्यांना गाडीचें नांव ठाऊक असे, पण मुक्कामाच्या गांवाचें नांव कित्येकांना तेथें उतरल्यावरच कळे. म्हणून आमच्या मॅटाडोरचें मोल आम्हांला किमतीहून अधिक होतें. कर्ज काढून का होईना, एका घरानें पुन्हां वाहण्याचा धंदा आपल्या हातीं घेतला होता.

पुढें रस्त्यावर नवीं नांवें आलीं. १९८६ सालीं टाटांची ४०७ आली आणि आंकडा हेंच तिचें नांव झालें. इटलीच्या भाषेंत मधमाशी या अर्थाची आपे बारामतीहून आली. २००५ सालीं टाटांनीं एस, म्हणजे पत्त्यांतला एक्का, या नांवाची लहान गाडी काढिली. पण एक्का लोकांच्या जिभेवर बसला नाहीं. तो छोटा हत्ती झाला. त्याच साली टेम्पोच्या कारखान्यानें आपलें नांव बदलून फोर्स मोटर्स केलें. जर्मनींतील टेम्पो तर केव्हांच दुसऱ्या कारखान्यांत विरून गेला होता. तरी आपल्या खेड्यांत आजही कोणत्याही लहान मालमोटारीला टेम्पोच म्हणतात. नांव ठेवणारे गेले, आणि नांव वाहणाऱ्यांपाशीं राहिलें.

पोहरादेवी येथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं नगाऱ्याच्या आकाराचें बंजारा विरासत संग्रहालय खुलें झालें. मनांत येतें कीं, लदेणीच्या बैलाच्या गोष्टीशेजारीं एखाद्या जुन्या मॅटाडोरची गोष्टही सांगितली जावी. बैलापासून हौद्यापर्यंतची वाट त्याशिवाय पुरी होणार नाहीं.

आमची मॅटाडोर भंगारांत गेली. वडीलही गेले. घंटा मात्र आहे. सध्यां ती माझ्या पुतण्याच्या पिकअपला बांधलेली असते. पोहऱ्याच्या वाटेवर ती आपल्या कानीं पडली, तर गाडीला घटकाभर वाट द्यावी, इतकीच विनंति.