पेल्यावरचे थेंब



बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा पेला थोड्या वेळात बाहेरून ओला होतो. हे पाणी आले कोठून, असे विचारले की अनेक विद्यार्थी सांगतात, पेला पाझरला. कोणी म्हणतो, गारव्याचेच पाणी झाले. कोणी म्हणतो, हवेतील हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्र आले. न्यूझीलंडमधील ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह या संशोधकांनी ८ ते १७ वर्षांच्या मुलांशी संवाद साधून १९८३ मध्ये अशाच समजुतींची नोंद प्रसिद्ध केली.

या उत्तरांना हसण्यापूर्वी त्यांचे मूळ पाहावे. घरातील मातीचा माठ खरोखरच पाझरतो. ते पाहिलेले मूल पेल्यालाही तोच न्याय लावते. त्याचे निरीक्षण खरे असते, व्याप्ती तेवढी चुकते. अनेकान्ताचा वारसा लाभलेल्या समाजाला हे सहज उमगावे. मात्र दुसऱ्याची बाजू समजून घेणे म्हणजे प्रत्येक विधान खरे मानणे नव्हे. तेथे परीक्षा हवीच.

ती परीक्षा सोपी आहे. पाण्यात रंग मिसळावा. बाहेरचे थेंब रंगहीनच राहतात. झाकण लावलेला कोरडा पेला प्रयोगशाळेतील संवेदनशील तराजूवर ठेवावा. थेंब जमतात तसे वजन वाढते. पाणी आतूनच आले असते, तर वजन वाढण्याचे कारण नव्हते. ते बाहेरून, हवेतील अदृश्य बाष्पातून आले. यालाच संघनन म्हणतात.

जैन घरांत पिण्याचे पाणी उकळण्याची प्रथा आहे. त्या भांड्याच्या झाकणाखाली लोंबणारे थेंब हेही संघननच. खळखळून उकळताना उठणारे मोठे बुडबुडे हवेचे नसून पाण्याच्याच बाष्पाचे असतात. द्रव्य टिकते आणि पर्याय पालटतात, असे जैन दर्शन सांगते. दर्शन आणि विज्ञान यांच्या कसोट्या भिन्न आहेत. तरीही बर्फ, पाणी व बाष्प यांकडे पाहण्यास ही दृष्टी मुलांना जवळची वाटेल.

'संघनन' हा शब्द पाठ करून पूर्ण गुण मिळवता येतात. मनातील पेला मात्र पाझरतच राहतो. म्हणून शिक्षकाने व्याख्या सांगण्याआधी मुलाला काय वाटते ते विचारावे, ते शांतपणे ऐकावे आणि मग तराजू त्याच्याच हाती द्यावा. सम्यक् ज्ञानाची वाट अशा प्रामाणिक प्रश्नापासूनच सुरू होते.