रियाजाचा एक तास
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, ‘गाणं हाच माझा धर्म’ असं एखाद्या उस्तादानं म्हटलं की आपण हात जोडतो. बाईनं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “मग पोरांकडे कोण बघणार?”

गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आठवून पाहा. जन्म कलावंत समाजातला. या समाजातल्या बायकांचं गाणं देवळाला चालायचं, पण प्रतिष्ठा त्यांच्या वाट्याला नसे. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीसाठी त्या सांगलीहून मुंबईला आल्या. तालीम मध्येच खंडली, तरी रियाज सोडला नाही. मुलं वाढवली, किशोरीताईंना घडवलं. १९७४ साली पद्मभूषण मिळालं. आज आपण त्यांना तपस्विनी म्हणतो. पण त्या तपाला लागणारा वेळ त्यांनी कसा काढला असेल, हे कुणी विचारत नाही.

वस्तीत काम करताना मला दिसतं, की भजनी मंडळाला जायची परवानगी मिळते, पेटी शिकायची मिळत नाही. देवासाठी गा, स्वतःसाठी नको! मग जिचा देवच सूर आहे, तिनं काय करायचं?

घरकामाच्या वाटणीवर आपण बैठका घेतो. पुढच्या बैठकीत रियाजाचा एक तासही मांडू या. आणि त्या तासाला चुलीपाशी कोण बसेल, तेही तिथंच ठरवू या.