तुळई किती वाकेल?



"सर, हे इंटिग्रेशन पुढे कुठे उपयोगी पडते?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. आज त्याचे उत्तर देतो.

आपल्या डोक्यावरची स्लॅब तुळयांवर उभी आहे. भाराखाली तुळई थोडी वाकतेच. किती, हे बांधण्यापूर्वीच कळायला हवे. भार तिला कोठे किती वाकवू पाहतो, ते 'बेंडिंग मोमेंट' सांगते. त्याला तुळईच्या ताठपणाने भागले की वक्रता मिळते. तिचे एकदा इंटिग्रेशन केले की उतार, पुन्हा केले की बाक.

प्रत्येक वेळी एक स्थिरांक येतो. तुम्ही तो लिहायला विसरता, मी अर्धा गुण कापतो. पण तो का लिहायचा, हे मीही बरीच वर्षे सांगितले नाही; ही माझी चूक. तुळईची दोन्ही टोके भिंतींवर टेकलेली आहेत, तेथे बाक शून्य. या दोन अटींतूनच ते दोन स्थिरांक मिळतात. ते गाळले, तर कागदावरची तुळई भिंती सोडून अधांतरी राहील!

भार सर्वत्र सारखा असेल, तर मधला बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तुळई तीच, दर फुटाचा भार तोच, लांबी मात्र दुप्पट. बाक 16 पट. नुसत्या अंदाजाने बांधणारा येथेच फसतो.

पालकहो, "गणित अवघड आहे, सोडून दे" असे मुलामुलींना सांगण्यापूर्वी क्षणभर वर छताकडे पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.