पास म्हणजे काय?



'पास' हा शब्द इंग्रजी. पण आता तो आपल्या नाकाडोंगरीत घरोघरी बोलतात. पोरगी पास झाली, म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण झाली. एस.टी.चा पास म्हणजे प्रवासाचा परवाना. मँगेनीजच्या खाणीच्या फाटकावरचा पास म्हणजे आत जाण्याची चिठ्ठी.

कायदा पास होतो, म्हणजे मंजूर होतो. पण मंजूर झाला की लगेच लागू होतोच, असे नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली पास झाला. लागू झाला तो २६ जानेवारी १९७९ पासून.

कर्जाचेही तसेच. 'तुमचे कर्ज पास झाले' म्हणजे नुसते मंजूर झाले. आपल्या भागात हिंदीही चालते. हिंदीत 'पास' म्हणजे जवळ. तो शब्द निराळा. कर्ज पास झाले म्हणून पैसा पास आला, असे समजू नका. आधी पासबुकातला आकडा वाचा. मगच पैसे मिळाल्याच्या कागदावर सही करा.

आम्ही शाळेत पोरांना पास-नापास केले. पण या शब्दाचे इतके अर्थ आम्हांलाही शाळेबाहेरच कळले. म्हणून सांगतो, अर्थ विचारायला लाजू नका.