पंपाची टिकटिक

जुन्या मॉरिस मायनर गाडीत चावी फिरवताच एक बारीक टिकटिक ऐकू येते. ती तिच्या विजेच्या पेट्रोल-पंपाची. विजेचे चुंबक आतला पडदा ओढते आणि टाकीतले पेट्रोल पंपात येते. पडदा टोकाला पोहोचला की पॉइंट उघडतात, वीज तुटते, आणि स्प्रिंग तेच पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलते. कार्ब्युरेटर भरला की टिकटिक थांबते. हे थांबणे निरोगी होय. टिकटिक मुळातच न होणे हे दुखणे.

गेल्या उन्हाळ्यात वृद्ध मावशींना सिकंदराबाद स्टेशनावर पोहोचवीत असता हुसेनसागराच्या बांधावर माझी मायनर बंद पडली. चावी फिरवली तर चिडीचूप. मावशींना रिक्षात बसवून दिले. पहिल्या मेकॅनिकने पंपाच्या तारेला लहानसा दिवा लावला, तो पेटला. त्याने निकाल दिला : वीज येते आहे, अर्थात पंप गेला, नवा घाला. तर्क सरळ दिसतो, आणि इथेच पुष्कळांचे पैसे बुडतात.

सुदैवाने शेजारी एक वयोवृद्ध मिस्त्री उभे होते. त्यांनी हेडलाइटचा जुना बल्ब मागवला. त्याची एक तार पंपाकडे येणाऱ्या तारेला व दुसरी पंपाच्या अंगाला लावताच बल्ब नुसता लालसर झाला. दुसरी तार गाडीच्या स्वच्छ पत्र्याला लावली, तो लख्ख उजेड! “करंट आरा साब, ताकत नै आरी,” ते म्हणाले. पंपाच्या अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. कानशीने घासून तो आवळताच टिकटिक सुरू झाली. पंपाला दोष नव्हताच.

कारण असे की, १२ व्होल्टवर ५ वॉटचा दिवा अर्धा अँपिअरही ओढीत नाही. एवढी वीज गंजातूनही वाट काढते. ४५ वॉटचा बल्ब जवळजवळ ४ अँपिअर मागतो, तेव्हा जोडाचे पितळ उघडे पडते. तहानलेल्याला थेंब दाखवून नळ चालू आहे म्हणण्यासारखीच ती पहिली परीक्षा.

टिकटिक उलट भराभर, न थांबता होत असेल, तर मात्र तारांच्या मागे लागू नये. टाकी रिकामी असेल किंवा नळीत कुठून तरी हवा शिरत असेल.

आजच्या मोटारींत पंप बहुधा टाकीच्या आतच असतो. चावी फिरवल्यावर दोनेक सेकंद मंद गुंजन येते. ते न आल्यास आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या जोडापाशी भारासकट व्होल्टेज आणि अर्थिंग पाहावे; टाकी उतरवण्याची मजुरी त्यानंतरची. आणि तार पत्र्यावर घासून ठिणगी पाहण्याची आपल्याकडची खोड पेट्रोलपाशी कटाक्षाने टाळावी. नळी सुटलेली असेल तर आधी सांडलेले पेट्रोल पुसून काढावे, वाफ जाऊ द्यावी, आणि मगच दिवा जोडावा.