पंखा निवडावा ओझे पाहून

(नवी मुंबई येथील सहाय्यकांच्या त्रैमासिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नर्मदेकाठच्या पाड्यांसाठी बोटीचा निधी आपण मनापासून भरलात, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. बोट ठरली आहे. तिच्या मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनाचे पैसेही जमत आले आहेत. आता आपल्यापैकी काहींचे म्हणणे असे की, "आणखी थोडे देतो, पण मोठे इंजिन घ्या, म्हणजे आजारी माणूस लवकर पोचेल." या म्हणण्यामागे प्रेम आहे. पण आज मी इंजिनाविषयी कमी आणि त्याच्या खाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्याविषयी जास्त बोलणार आहे.

आधी ते पाणी डोळ्यांपुढे आणू या. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. अनेक वाटा पाण्याखाली गेल्या. मागे सातपुड्याचे डोंगर, पुढे पाणी. त्यामुळे कितीतरी पाड्यांना बोट हाच रस्ता. २०२० साली, करोनाच्या काळात, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत पोचत होत्या, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. आणि १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा येथे गर्दीने भरलेली बोट उलटली. त्यात लहान मुलेही गेली. तेव्हा या बोटीवर किती माणसे बसवायची याची मर्यादा आधी ठरेल. पंख्याचा विचार त्या मर्यादेच्या आत राहून करायचा आहे.

पंख्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, सव्वानऊ बाय नऊ. पहिला आकडा व्यासाचा, इंचांमध्ये. दुसरा पिचचा, तोही इंचांमध्ये. लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेऱ्यात जितका आत सरकतो, तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर म्हणजे पिच. पाणी लाकडासारखे घट्ट नसते, म्हणून पंखा थोडा घसरतो आणि बोट त्याहून कमी पुढे जाते. बोट जड असली की ही घसरण वाढते.

जास्त पिच म्हणजे गाडीचा वरचा गिअर. मोकळ्या रस्त्यावर तो छान. पण भरलेला ट्रक वरच्या गिअरमध्ये कसारा घाट चढू लागला तर काय होते, हे नाशिककडे जाणाऱ्या आपल्या सर्वांना ठाऊक आहे. इंजिन गुदमरते, तापते, तेल खाते आणि पुढे जात नाही. कमी पिच म्हणजे खालचा गिअर. वेग कमी, पण ओढ चांगली.

आपली बोट काय वाहणार? चालक, परिचारिका, झोळीतून आणलेला रुग्ण, सोबतचे दोन नातेवाईक, औषधांच्या पेट्या, परतीला धान्याची पोती. ही खालच्या गिअरची बोट आहे. चुकीच्या पंख्यावर मोठे इंजिन बसवले तर जास्त वजन आणि जास्त पेट्रोल तेवढे पदरात पडेल.

मग योग्य पंखा ओळखायचा कसा? बोट नेहमीच्या पूर्ण ओझ्यासह पाण्यात न्यायची. शांत पाण्यात, सर्वांना लाइफ जॅकेट घालून, इंजिन पूर्ण उघडायचे आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मीटरवर पाहायचे. इंजिनाच्या पुस्तिकेत त्यासाठी एक पट्टा दिलेला असतो. बऱ्याच लहान फोर-स्ट्रोक इंजिनांना तो ५,००० ते ६,००० असतो. फेरे त्याखाली राहिले तर पिच जास्त आहे. इंजिन रोज घाट चढते आहे आणि लवकर थकेल. पट्ट्याच्या वर गेले तर पिच कमी आहे. पिच एक इंचाने कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, हा ढोबळ हिशेब. भरलेल्या बोटीवर फेरे पट्ट्यात बसले, तर रिकाम्या बोटीत थ्रॉटल थोडा आवरायचा, एवढेच. चाचणी मात्र रिकाम्या बोटीवर करून चालणार नाही.

दुसरी निवड पात्यांची. तीन पाती सर्रास असतात. चार पात्यांचा पंखा जड बोटीत पाणी अधिक घट्ट धरतो आणि कमी थरथरतो. कमाल वेग थोडा घटतो. रुग्णाला हा सौदा मानवेल.

तिसरी निवड धातूची. स्टेनलेस स्टीलचा पंखा मजबूत आणि दिसायलाही सुंदर. पण सरोवराखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की गाळ आणि खडक वर येतात. ॲल्युमिनियमचे पाते ठोकर लागली की वाकते. ते स्वस्त असते आणि अनेकदा दुरुस्त करता येते. स्टील वाकायला तयार नसते, म्हणून धक्का आतल्या गिअरपर्यंत जाण्याची भीती जास्त. यासाठीच पंख्याच्या मधोमध रबराची बुशी किंवा लहान इंजिनात तुटणारी पिन असते. तिने आधी हार मानायची आणि गिअर वाचवायचा. पण ती तुटली की इंजिन नुसते गरजते, बोट जागची हलत नाही. ही वेळ रात्री, मध्य पाण्यात, बाळंतीण बोटीत असताना आली तर?

म्हणून समितीपुढे माझी मागणी साधी आहे. मोठ्या इंजिनाऐवजी मध्यम इंजिन घ्यावे आणि वाचलेल्या पैशातून चार गोष्टी. पहिली, वेगवेगळ्या पिचचे दोन पंखे आणून चाचणी. जो बसेल तो लावायचा आणि त्याच मापाचा दुसरा बोटीतच ठेवायचा. दुसरी, पाना, पिना आणि वल्ह्यांची जोडी, कायम बोटीत. तिसरी, चालकाचे प्रशिक्षण: पंखा काढून शाफ्टला गुंडाळलेला जाळ्याचा दोरा तपासणे, कारण तो दोरा सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. आणि काठावर माणसे पाण्यात असतील तर इंजिन पूर्ण बंद करूनच जवळ जाणे, कारण पंखा माणूस आणि लाकूड यांत फरक करत नाही. चौथी, वर्षभराच्या पेट्रोलची तरतूद.

या चार गोष्टींवर कोणाच्या नावाची पाटी लागणार नाही, हे मला माहीत आहे. इंजिनावर लागू शकते. पण मोठे म्हणजे चांगले, हा हिशेब पाण्यात नेहमी टिकत नाही. १८३७ साली लंडनच्या एका कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ आपल्या लाकडी मळसूत्री पंख्याची चाचणी घेत होते. पंख्याचा अर्धा भाग मोडून पडला, आणि बोट थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला आपण मंडळीत अनेकदा ऐकतो. आपल्या बोटीचा हिशेब नंदुरबारच्या पाण्यावर करायचा आहे, तोही भरलेल्या बोटीत बसून, तिथल्या चालकाला सोबत घेऊन. पाणी उतरल्यावर बुंधे कुठे वर येतात हे त्याला माहीत आहे. इथे बसून ते आपल्याला कळणार नाही. पंखा कोणता घ्यायचा यावर शेवटचा शब्द त्याचा असावा, अशी माझी विनंती आहे.

चाचणीचे आकडे पुढच्या अंकात आपल्यापुढे ठेवले जातील. तोवर त्या काठावरील मातांना आणि मुलांना आपल्या प्रार्थनेत ठेवा.