जयंतीचा डी.जे. आणि आपली जबाबदारी
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले भाषण)



मी गिरणीतला कामगार माणूस. शाळा कमी, वाचन जास्त. तेव्हा पंडिती भाषण माझ्याकडून होणार नाही. जयंतीला आणि लग्नाला आपण डी.जे. ठरवतो, त्याबद्दल दोन शब्द बोलतो.

गाणेबजावणे आपल्याला परके नाही. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. चळवळीचा हा विचार खेडोपाडी नेला तो जलसेवाल्यांनी आणि शाहिरांनी. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप ही ती माणसे. उमप तर 26 नोव्हेंबर 2010 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले अन् गेले. त्यांच्या गाण्यातला शब्द निरक्षर आईलाही समजायचा. आज डी.जे.च्या धडधडीत शब्दच ऐकू येत नाही.

काही वडीलधारे म्हणतात, नाचणे धम्मात बसत नाही. तसे नाही. नाचगाण्यापासून दूर राहण्याचे शील अष्टशीलात आहे, ते उपोसथाला पाळायचे. पंचशीलात ते नाही. पंचशीलात आहे ते मद्यपान न करण्याचे शील. आपल्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. तरी डी.जे.पुढे कोण कशाच्या जोरावर नाचतो, हे आयाबहिणींना विचारा!

यंत्राजवळ काम करणाऱ्याला आवाजाची किंमत कळते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचे मान असे की 85 डेसिबल आवाजात 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे. आपली मिरवणूक किती तास चालते? आणि लहान लेकरे कुठे उभी असतात? बॉक्सच्या पुढेच ना!

कायदाही माहीत असू द्या. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्र म्हणून ठरलेल्या दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती 100 मीटरपर्यंत ती आणखी कमी. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद. सणाउत्सवाला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस शासन 12 पर्यंत सूट देऊ शकते, पण तो दिवस त्या यादीत आहे का, हे आधी विचारावे लागते. गुन्हा दाखल झाला तर नाव मंडळाच्या पोरांचे लागते. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोराचे त्यात काय होईल, हे मी सांगायला नको.

पोरं म्हणतात, “काकाजी, वर्षातून एकदाच तर जयंती येते, नाचू द्या ना बाप्पा!” नाचा. डी.जे.वाला पोरगाही पोटासाठीच धंदा करतो, त्याच्याशी वैर नाही. पण वडश्याहून झाडीपट्टीचे नाटक ठरवताना आपण खेळ कोणता, हे आधी विचारतो. मग डी.जे. ठरवताना गाणी कोणती, हे का विचारू नये? इसार देण्याआधी कागदावर लिहून घ्या : गाण्यांची यादी, बॉक्स किती, बंद करण्याची वेळ, दवाखान्यासमोर आवाज बंद, अन् पोलीस परवानगीची जबाबदारी कोणाची. बॉक्सची भिंत नको, दोन बॉक्स पुरे. उरलेल्या वर्गणीतून विहाराच्या अभ्यासिकेला पुस्तके घ्या. मिरवणुकीच्या पुढे आपल्या मुलींचे लेझीम पथक असू द्या.

बाबासाहेबांची जयंती लांबून ऐकू आली पाहिजे, हे खरे. पण ती आवाजाने नव्हे, आपल्या वागण्याने.

जयभीम! नमो बुद्धाय!